सोलापुरात राहून वित्त विषयात पदव्युत्तर पदवी : शेवटच्या वर्षापासूनची तयारी

बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला, की पुढे काय करायचे याचा विचार सुरू करणारे विद्यार्थी सोलापुरात दर वर्षी दिसतात, आणि मीही त्यांच्यापैकीच एक होते. माझे वडील अशोक चौकाच्या बाजूला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहीत. घरात जमाखर्चाची भाषा होती. मात्र पदव्युत्तर प्रवेशाची पद्धत कुणालाच ठाऊक नव्हती. प्रवेश परीक्षेत मला चांगले गुण होते, पण नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपली होती, हे अर्ज पडताळणीच्या दिवशी समजले. नवे प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत हाती आले नाही, अर्ज खुल्या प्रवर्गात धरला गेला आणि दोन वर्षांची पूर्ण फी घरावर पडली. अभ्यासात कुठे कमी पडले असते तर ते मला समजले असते. परंतु एका तारखेपायी झालेले ते नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगे होते. म्हणूनच या लेखात अभ्यासाआधी कागदपत्रांबद्दल आणि कागदपत्रांआधी पदवीच्या निवडीबद्दल लिहिले आहे.

१. आधी पदवी ठरवा, महाविद्यालय नंतर

"फायनान्स करायचे आहे" एवढे म्हणून भागत नाही, कारण त्या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे रस्ते आहेत आणि प्रत्येकाची प्रवेशपद्धत, खर्च आणि शेवट वेगळा आहे.

पहिला रस्ता एम.कॉम.चा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या शहरातील आणि तालुक्यांतील महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम चालतो; प्रवेश पदवीच्या गुणांवर होतो आणि खर्च तुलनेने पुष्कळ कमी असतो. उच्च लेखाशास्त्र, परिव्यय, कर आणि वित्तीय व्यवस्थापन यांचा सखोल अभ्यास करायचा असेल, पुढे प्राध्यापक व्हायचे असेल, किंवा नोकरीबरोबर शिक्षण पुरे करायचे असेल, तर हा रस्ता योग्य आहे. अध्यापनासाठी पुढे नेट किंवा सेट ही पात्रता लागते आणि त्यासाठी एम.कॉम.ला खुल्या प्रवर्गात किमान ५५ टक्के, तर राखीव प्रवर्गात ५० टक्के गुण हवेत, हे पहिल्या सत्रापासून लक्षात ठेवावे. चौथ्या सत्रात ५४ टक्क्यांवर अडकलेली माणसे मी पाहिली आहेत.

दुसरा रस्ता एमबीए किंवा एमएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदव्यांचा. येथे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या रस्त्याने जाणाऱ्यांचा एक गैरसमज सर्रास आढळतो : पहिल्या दिवसापासून वित्तच शिकवतील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी विपणन, मनुष्यबळ, उत्पादन व्यवस्थापन, संख्याशास्त्र असे सगळेच विषय असतात आणि वित्त हे विशेषीकरण मुख्यतः दुसऱ्या वर्षी येते. म्हणजे दोन वर्षांच्या फीमधून वित्ताचा खरा अभ्यास जेमतेम वर्षभराचा होतो. बँकेत, कंपनीच्या वित्त विभागात किंवा वित्तीय सेवांच्या क्षेत्रात नोकरी हवी असेल, तर एमबीएचा उपयोग नक्कीच होतो. मात्र विषयाची खोली स्वतःच्या वाचनाने वाढवावी लागते.

तिसरा रस्ता सनदी लेखापालाचा, म्हणजे सीएचा. ती विद्यापीठाची पदवी नाही. तथापि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सीए, सीएस (कंपनी सचिव) आणि सीएमए (परिव्यय लेखापाल) या पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या आहेत. सीए करता करता एम.कॉम.ही करायचे असेल, तर आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएकडे प्रत्यक्ष काम शिकण्याच्या, काळात सीए संस्थेची रीतसर परवानगी घ्यावी लागते. ती न घेता दोन्हीकडे नाव घालू नये.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्यांना हिशेबाची मनापासून आवड आहे आणि घरची परिस्थिती बेताची आहे त्यांनी नामांकित नसलेल्या महागड्या एमबीएपेक्षा सोलापुरातच एम.कॉम. करावे आणि वाचलेल्या पैशांतून व वेळेतून एखादी व्यावसायिक परीक्षा द्यावी. जागा चांगल्या संस्थेत मिळत असेल आणि शिष्यवृत्तीत बसत असाल, तर एमबीए जरूर करावे.

२. कागदपत्रे : दिवाळीनंतर लगेच सुरुवात करा

परीक्षा संपल्यावर कागदपत्रांना लागू असे ठरवणारा विद्यार्थी मे-जूनच्या गर्दीत सापडतो. त्या दिवसांत दहावी-बारावीच्या निकालांमुळे सेतू आणि महा-ई-सेवा केंद्रांपुढे रांगा असतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एक फाइल करावी आणि तिच्यात खालील कागद मूळ व तीन-तीन छायाप्रतींसह ठेवावेत.

– दहावी आणि बारावीची गुणपत्रके व दहावीचे प्रमाणपत्र
– पदवीच्या सर्व सत्रांची गुणपत्रके. निकालानंतर पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र
– महाविद्यालय सोडल्याचा दाखला
– अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
– जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास
– नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, लागू असल्यास
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– आधार कार्ड, बँकेचे पासबुक, छायाचित्रे आणि स्वाक्षरीची स्कॅन प्रत

यांपैकी दोन कागदांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवे. २०२७-२८ साठी प्रवेश घेणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर ३१ मार्च २०२८ किंवा त्यापुढची तारीख असायला हवी. माझ्या प्रमाणपत्रावर आदल्या शैक्षणिक वर्षाची तारीख होती, आणि अर्ज भरताना मी प्रमाणपत्र "आहे" एवढेच पाहिले होते. दुसरा कागद जात वैधतेचा. पडताळणी समितीकडे अर्ज गेल्यापासून प्रमाणपत्र येईपर्यंत महिने लागू शकतात. कधी आजोबांच्या शाळेचा दाखला मागतात, कधी गावच्या जुन्या नोंदी आणाव्या लागतात. बारावीच्या वेळी हे काम झाले नसेल, तर तिसऱ्या वर्षात प्रवेश घेतल्यावर लगेच अर्ज करावा आणि पोचपावती सांभाळून ठेवावी.

एक अडचण आपल्या शहरात जास्त जाणवते. पूर्व भागातील अनेक तेलुगूभाषक आणि कन्नडभाषक घरांत आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रकावर एक, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे असते. मराठीत वाचताना नाव तेच वाटते, पण संगणकाला ती तीन वेगळी माणसे दिसतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच थांबतो. दहावीचे गुणपत्रक प्रमाण धरून बाकीचे सर्व कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. या दुरुस्तीला लागणारा वेळ प्रवेशाच्या धामधुमीत मिळत नाही.

३. प्रवेश परीक्षा : वेग हाच खरा प्रश्न

एमबीए आणि एमएमएससाठीची परीक्षा राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही ती देता येते. पात्रतेसाठी पदवीला ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गातील उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात : तार्किक विचारक्षमतेचे ७५, आकृतिबंधांचे २५, अंकगणिताचे ५० आणि इंग्रजी भाषा व आकलनाचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. ज्या वर्षी परीक्षा द्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिका डाउनलोड करून हा आराखडा पुन्हा एकदा ताडून घ्यावा.

हिशेब केला, तर एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला गणित येत नाही म्हणून तो मागे पडतो असे क्वचितच घडते. बहुतेक जण अडतात ते एका कोड्यावर सहा मिनिटे घालवल्यामुळे. डिसेंबरपासून दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा द्यावी आणि सोमवारी केवळ चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवावेत. शिकवणी लावलीच पाहिजे असे नाही. टक्केवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग आणि आलेख-तक्ते वाचणे एवढे भाग पक्के झाले, तर अंकगणिताचा बराच मोठा हिस्सा हातात येतो. इंग्रजीसाठी रोज एका इंग्रजी आर्थिक दैनिकाचे अग्रलेखाचे पान वाचावे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा आपल्या शहरात आहे, तिचा लाभ घ्यावा. उन्हाळा सुरू झाला, की सोलापुरात दुपारी घरच्या खोलीत बसून अभ्यास होत नाही. पहाटे पाच ते आठ ही वेळ मी ठरवून घेतली होती आणि तिचाच मला सर्वाधिक उपयोग झाला.

४. पसंतीक्रम भरताना

निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया सुरू होते : नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावरील हरकती, अंतिम यादी आणि मग पसंतीक्रमाचा अर्ज. तात्पुरत्या यादीत आपले नाव, प्रवर्ग, गुण आणि जन्मतारीख स्वतः वाचून पाहावी, कारण हरकतीसाठी मिळणारे दिवस थोडे असतात आणि ते गेले, की चूक दुरुस्त होत नाही.

पसंतीक्रमात पहिल्या क्रमांकावर तेच महाविद्यालय लिहावे, जिथे जाण्याची तुमची खरोखर इच्छा आहे. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. "आधी घरजवळचे नाव टाकू, नंतर पुण्याचे बघू" असा विचार करून पहिल्या क्रमांकावर तडजोडीचे नाव लिहिणाऱ्यांची इथेच फसगत होते.

नाव लिहिण्याआधी प्रत्येक संस्थेबाबत तीन गोष्टी तपासाव्यात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का, वित्त विशेषीकरण दुसऱ्या वर्षी प्रत्यक्षात चालते का, आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या संस्थेची किती फी ठरवली आहे. दुसरा मुद्दा फार थोडे जण विचारतात. माहितीपत्रकात पाच विशेषीकरणे छापलेली असतात, पण पुरेसे विद्यार्थी नसतील तर त्यांतली दोनच चालतात. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटून, वित्त गटात किती जण आहेत आणि कोण शिकवते हे थेट विचारावे. प्राधिकरणाने ठरवलेल्या फीपेक्षा वेगळी रक्कम कुणी मागितली, तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. मूळ गुणपत्रके पडताळणीपुरती दाखवावीत. ती संस्थेने स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ पासूनचा स्पष्ट नियम आहे.

पुण्याला जायचे, की सोलापुरात राहायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पुण्यात कंपन्या जवळ आहेत, मात्र खोली, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च पाहता पाहता फीच्या बरोबरीला येतो. मुलाखतीपुरते पुणे आपल्याला लांब नाही. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परतता येते. दोन्हीकडच्या संस्थांच्या दर्जात मोठा फरक असेल तरच बाहेर जावे, असे मला वाटते.

५. पैशांची व्यवस्था

शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. "मुलीच्या शिक्षणावर आणखी दोन वर्षे खर्च कशाला" असे म्हणणाऱ्या घरांनी हा निर्णय नीट वाचावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मात्र ही सवलत लागू होत नाही, त्यामुळे घाईघाईने कोट्यातील जागा घेऊ नये.

शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. येथे एक बारीक फरक आहे. बँकेत आधारची प्रत दिली, म्हणजे खाते थेट लाभासाठी जोडले गेले असे नाही. ज्या बँकेत शेवटची जोडणी झाली, त्याच खात्यात पैसे जातात. वर्षानुवर्षे न वापरलेल्या जुन्या खात्यात शिष्यवृत्ती जमा झाल्याची उदाहरणे आमच्याच वर्गात होती. शाखेत जाऊन जोडणी तपासून घ्यावी. आणि अर्जाचे नूतनीकरण दुसऱ्या वर्षी पुन्हा करावे लागते, ते विसरू नये.

शैक्षणिक कर्जाबाबत साधारण पद्धत अशी आहे, की ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, ७.५ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. या सुट्टीच्या काळात व्याज थांबत नाही, हे घरातल्यांना समजावून सांगावे. समजा, ४ लाखांचे कर्ज २-२ लाखांच्या दोन हप्त्यांत घेतले आणि व्याज १० टक्के आहे. पहिल्या २ लाखांवर तीन वर्षांचे ६० हजार आणि दुसऱ्या २ लाखांवर दोन वर्षांचे ४० हजार, असे सरळ व्याजानेच १ लाख रुपये परतफेड सुरू होण्याआधी चढतात. ४ लाखांवर सात वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ६,६४० रुपये येतो. ५ लाखांवर तोच सुमारे ८,३०० रुपये होतो. शिकत असताना पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७ आणि पुढे ३,३३३ रुपये व्याज भरत गेल्यास हा फरक पडत नाही. वित्त शिकणाऱ्याने आपल्या अभ्यासातला हा पहिला हिशेब स्वतःच्या कर्जावर करावा.

६. प्रवेश आणि वर्ग यांच्या मधले दोन महिने

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या सत्रात विषयापेक्षा शब्दांची भीती वाटते. वर्गात इंग्रजीतून शिकवतात, पण "वर्किंग कॅपिटल" म्हणजे खेळते भांडवल आणि "रिसिव्हेबल्स" म्हणजे बाजारातली येणी, एवढे कळले की अर्धी भीती जाते. एका दोनशे पानी वहीत डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि खाली स्वतःचे एक उदाहरण असे लिहीत जावे. माझी ती वही आजही माझ्याजवळ आहे.

याच काळात एक्सेल शिकावे. नुसते तक्ते आखायला शिकून चालत नाही. शर्ती, शोधसूत्रे, पिव्होट तक्ता आणि वित्तीय सूत्रे हाताखालून जायला हवीत. बी.ए. किंवा बी.एस्सी. करून आलेल्यांनी नोंद, खतावणी, तेरीज आणि अंतिम खाती यांवरील अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तके आधी संपवावीत. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि तो पाया नसेल तर ताळेबंदाचे विश्लेषण पाठ करावे लागते, समजत नाही.

७. सूत्र पाठ करण्याआधी धंदा पाहा

पदव्युत्तर वित्तात सूत्रे पुष्कळ आहेत. मार्कोविट्झ यांचा १९५२ मधील गुंतवणूक-संचाचा सिद्धांत, मोदिग्लियानी आणि मिलर यांचा १९५८ मधील भांडवल-रचनेचा विचार, शार्प यांचे जोखीम व परतावा यांच्या संबंधाचे १९६४ मधील प्रतिमान, असे एकामागून एक सिद्धांत येत राहतात. ते शिकावेच लागतात. परंतु त्यांतले प्रत्येक सूत्र कुणाच्या तरी व्यवहारातील अडचणीतून जन्मलेले आहे, आणि सोलापुरात तशा अडचणी डोळ्यांसमोर आहेत.

खेळत्या भांडवलाचे चक्र मला पुस्तकातून तीन वेळा वाचून समजले नव्हते. एका रात्री वडिलांनी जेवण झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवले. सुताचे पैसे १५ दिवसांनी द्यायचे. विणणे, रंगवणे, शिवणे, बांधणे यांत २० दिवस जातात. माल गोदामात १० दिवस पडतो. पेठेतील व्यापारी ६० दिवसांच्या उधारीवर घेतो. म्हणजे २० अधिक १० अधिक ६०, वजा १५ : एकूण ७५ दिवस पैसे अडकून राहतात. रोजचा खर्च ४० हजार असेल, तर ३० लाख रुपये सतत धंद्यात गुंतलेले असतात. आता समजा, दुप्पट मालाची ऑर्डर आली. घरातले सगळे आनंदी होतात, पण अडकणारी रक्कम ६० लाख होते आणि वरचे ३० लाख आणायचे कोठून, हे ऑर्डर सांगत नाही. "नफा वहीत असतो गं, पगार मात्र रोखीने द्यावा लागतो," असे ते म्हणाले, आणि नफा व रोकड यांतील फरक त्या क्षणी मला समजला.

असेच दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला रास्त व किफायतशीर दर द्यावा लागतो आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. गाळप हिवाळ्याच्या चार-पाच महिन्यांत उरकते, तर साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते. देणे दोन आठवड्यांत आणि येणे बारा महिन्यांत, म्हणून गोदामातील साखर बँकेकडे मालतारण ठेवून कर्ज काढावे लागते. हंगामी उद्योगाच्या वित्तपुरवठ्यावरील प्रकरण वाचताना हे चित्र मनात ठेवले, तर विषय आपोआप उमगतो.

भांडवली अंदाजपत्रकाचे उदाहरणही घरगुतीच घ्या. १० लाखांचे यंत्र पाच वर्षे दर वर्षी ३ लाख मिळवून देते. वरवर पाहता १५ लाख येतात, म्हणजे ५ लाखांचा फायदा. पण पैशाची किंमत, म्हणजे त्यावर दुसरीकडे मिळू शकणारा वार्षिक परतावा, १२ टक्के धरली, तर त्या १५ लाखांचे आजचे मूल्य सुमारे १०.८१ लाख, म्हणजे फायदा जेमतेम ८१ हजार. दर १६ टक्के झाला, तर मूल्य सुमारे ९.८२ लाखांवर येते आणि तेच यंत्र तोट्याचे ठरते. परीक्षेत तक्ता मिळाला नाही, तर साध्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.१२ करून बरोबरचे बटण पाच वेळा दाबावे, ०.८९२९, ०.७९७२ असे प्रत्येक वर्षाचे गुणक येत जातात, आणि शेवटी जीटी हे एकूण बेरजेचे बटण दाबले, की त्यांची बेरीज ३.६०४८ मिळते. सगळ्याच कॅल्क्युलेटरांवर हे चालत नाही, म्हणून परीक्षेआधी आपल्या यंत्रावर करून पाहावे.

एक्सेलमध्ये याच गणिताचा एक सापळा आहे. एनपीव्ही, म्हणजे निव्वळ आजचे मूल्य काढणारे सूत्र, त्याला दिलेली पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या अखेरीची आहे असे धरते. यंत्राचे १० लाख आपण आज देतो. ते सूत्राच्या कंसात घातले, तर उत्तर ८१,४३३ ऐवजी ७२,७०८ येते. सूत्रात केवळ पुढची पाच वर्षे घालावीत आणि १० लाख बाहेर वजा करावेत. ही चूक दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांतही सर्रास दिसते.

शेअर बाजारात नोंदलेल्या आणि सोलापुरात कार्यालय असलेल्या कंपन्याही आहेत : बालाजी अमाइन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या दोन नावांपासून सुरुवात करा. त्यांचे वार्षिक अहवाल विनामूल्य डाउनलोड करता येतात. अध्यक्षांचे निवेदन शेवटी वाचावे. आधी रोकड प्रवाह विवरण, मग लेखापरीक्षकांचा अहवाल, त्यानंतर ताळेबंद आणि त्याखालच्या टिपा, असा क्रम ठेवावा. नफा वाढला, पण व्यवसायातून आलेली रोकड घटली असे एखाद्या वर्षी दिसले, तर टिपांत जाऊन येणी आणि मालसाठा किती वाढला ते शोधावे. रोज अर्धा तास असे दोन महिने केले, तर मुलाखतीत गुणोत्तरांवर विचारलेला प्रश्न अवघड वाटत नाही.

८. प्रकल्प आणि प्रशिक्षण

एमबीएत दुसऱ्या सत्रानंतर साधारण दोन महिन्यांचे उन्हाळी प्रशिक्षण असते, एम.कॉम.मध्येही नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. जागा जानेवारीतच शोधायला लागावे. नागरी सहकारी बँका, पतसंस्था, सीए कार्यालये, चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कारखाने, साखर कारखाने या सर्व ठिकाणी महाविद्यालयाचे पत्र घेऊन प्रत्यक्ष जावे. ईमेलला उत्तर क्वचितच येते.

विषय लहान निवडावा. "भारतीय बँकिंग क्षेत्राचा अभ्यास" असा विषय घेतला, की हाती काहीच लागत नाही. "एका टॉवेल उत्पादकाच्या पाच वर्षांतील येणी आणि त्यांचा वसुली काळ" असा घेतला, तर स्वतःचे निष्कर्ष निघतात. आकडे वापरण्याची लेखी परवानगी सुरुवातीलाच घ्यावी, कारण शेवटच्या आठवड्यात मालकांनी नकार दिल्यास सगळे काम वाया जाते. छायाप्रतींच्या दुकानांत तयार प्रकल्प विकत मिळतात. ते घेऊ नयेत. साहित्यचौर्याची तपासणी होते हे तर खरेच, पण तोंडी परीक्षेत "हा आकडा कोठून आला" असे विचारल्यावर होणारी अवस्था मी समोर बसून पाहिली आहे, आणि ती कुणावरही येऊ नये.

९. पदवीबरोबर जोडायच्या परीक्षा

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २००६ मध्ये स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षा शिकत असताना देता येतात. म्युच्युअल फंड वितरण, समभाग व्युत्पन्ने (डेरिव्हेटिव्ह्ज), संशोधन विश्लेषण अशा वेगवेगळ्या मालिका आहेत आणि अभ्यासपुस्तिका संस्थाच पुरवते. प्रमाणपत्रांची वैधता सहसा तीन वर्षांची असते, म्हणून पहिल्याच सत्रात चार परीक्षा देऊन टाकण्यात अर्थ नाही. तिसऱ्या सत्राच्या सुट्टीत, ज्या कामासाठी अर्ज करणार त्याच्याशी संबंधित एक परीक्षा द्यावी. सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तीन पातळ्यांचा विचार करत असाल, तर तिचे शुल्क डॉलरमध्ये असते हे ध्यानात घेऊन नोकरी लागल्यावर सुरुवात केलेली बरी.

चौथ्या सत्राचा निकाल लागला, की गुणपत्रक, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र यांसाठी केगाव येथील विद्यापीठात किंवा ऑनलाइन लगेच अर्ज करावा. नोकरीच्या पत्रात रुजू होण्याची तारीख छापलेली असते आणि पडताळणीसाठी मूळ कागद त्याच दिवशी मागतात. दिवाळीनंतर केलेली ती फाइल तोपर्यंत जपून ठेवलेली असेल, तर त्यात हे तीन कागद घालायचे, वरच्या पानावर प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत पेन्सिलीने लिहायची, आणि सकाळच्या गाडीला निघायचे.